बाईंची डॉक्टरकी आणि झोपाळू ड्रायव्हर

"मशीन माझ्या ताब्यात द्यायचं आणि तू निवांत बसायचं!" फोरमननी छाती पुढे काढून सांगितलं. "चौतीस वर्षं कारखाना सांभाळलाय मी. शंभर टनाचा प्रेस माझी पावलं ओळखायचा! हा डबा कोण लागून गेला?"

डबा म्हणजे आतल्या खोलीतला कॉम्प्युटर. आणि निवांत बसायचं होतं ते त्यांच्या बायकोनं. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे अख्खी इमारत त्यांना 'बाई'च म्हणायची. फोरमनना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी इमारत त्यांना 'फोरमन'च म्हणायची. कारण कारखाना सुटला होता, आवाज सुटला नव्हता! खाली कोणी सायकल आडवी लावली, की तिसऱ्या मजल्यावरून असा काही दणका यायचा, की शेजारच्या इमारतीतले लोकसुद्धा आपापल्या सायकली सरळ करून ठेवायचे.

तर त्या दिवशी दुपारी तीन वाजता बाईंची तोंडी परीक्षा होती. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, डॉक्टरेटची! सात वर्षं खपून प्रबंध लिहिला होता. त्याची मुदत त्याच महिनाअखेर संपत होती. बाहेरगावचे परीक्षक दोनच दिवसांनी वर्षभरासाठी परदेशी जाणार होते, म्हणून परीक्षा कॉम्प्युटरवरून ठरली. आज झाली तर झाली, नाहीतर सात वर्षांचं मुसळ केरात!

प्रबंध कशावर होता म्हणता? ते मला विचारा, इमारतीच्या वॉचमनला विचारा, फोरमनना विचारू नका! त्यांना इतकंच ठाऊक होतं, की 'भाषेचं काहीतरी' आहे. बांधणी केलेल्या तीन जाडजूड प्रती त्यांनी स्वतः खांद्यावरून वाहून आणल्या होत्या. जिना चढताना प्रत्येक पायरीवर बांधणीवाल्याचा उद्धार केला होता. पण एकही प्रत उघडून पाहिली नव्हती.

बाईंचा बेत साधा होता. त्यांच्या मार्गदर्शक मॅडम चार गल्ल्या पलीकडे राहायच्या. त्यांच्याकडे जायचं, त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसायचं, परीक्षा देऊन परत यायचं. कारण घरच्या डब्याचं आठ दिवस काहीतरी बिनसलं होतं.

"परक्याच्या दारात?" फोरमन कडाडले. "आपल्या घरात मशीन असताना? लोक काय म्हणतील? फोरमनच्या घरात एक डबा धड चालत नाही!"

"लोकांना माहीतच नाही अहो," बाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे ना! तेवढं पुरे आहे!"

आता बिघाड काय ते ऐका. डब्याच्या पाठीत एक कार्ड बसवलेलं होतं. त्याला अँटेनाची दोन शिंगं. बाहेरच्या खोलीतल्या वाय-फायचं नेट ते हवेतून पकडायचं. त्या कार्डाला चालवणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. तो अधूनमधून कोलमडायचा. कोपऱ्यात लाल फुली यायची, नेट बंद पडायचं, आणि पडद्यावर पाटी झळकायची: 'ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आहे.'

"प्रतिसाद देणं थांबवलंय?" फोरमननी ती पाटी तीनदा वाचली. "आणि वर तोंड करून सांगतोय! माझ्या शिफ्टला असता, तर गेटपर्यंत कानाला धरून नेला असता!"

सकाळी नऊ वाजता मोहीम सुरू झाली. फोरमननी कारखान्यातली शिस्त घरात आणली. कॉम्प्युटरच्या गळ्यात लाल पाटी अडकवली: 'काम चालू आहे. हात लावू नये.' शेजारी रजिस्टर उघडलं. नऊ बारा, फुली. नऊ एकतीस, फुली. नऊ पन्नास, फुली. प्रत्येक नोंदीला एक दणदणीत शेरा, तोही तोंडी. बाई बाहेरच्या खोलीत आपले कागद वाचत बसल्या होत्या. मधूनच पेन उचलून एखादी ओळ लिहीत होत्या. परीक्षेची तयारी चालली असणार, असं फोरमनना वाटलं, आणि त्यांना जरा बरंही वाटलं.

दहा वाजता त्यांनी जावयाला फोन लावला.

जावई कॉम्प्युटरच्याच धंद्यात. माणूस गुणी, स्वभाव सोन्यासारखा, पण बोलणं इतकं संथ, की एक वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याची दाढी वाढावी! आणि घोडं पेंड खात होतं ते इथंच. जावयावर ओरडता येत नाही! शेजाऱ्यावर ओरडता येतं, लिफ्टवर ओरडता येतं, सख्ख्या भावावर तर हक्कानं ओरडता येतं. पण जावई तो जावई. त्याच्याशी बोलताना फोरमनचा आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा आणि मानेवरची शीर दोरखंडाएवढी व्हायची.

त्यातून फोनला रेंज गॅलरीच्या टोकालाच मिळायची. म्हणजे सूचना गॅलरीत ऐकायची, दोन खोल्या ओलांडून आत पळायचं, काम करायचं, आणि पुन्हा पळत गॅलरीत यायचं!

"बाबा, अजिबात काळजी करू नका," जावई म्हणाला. "आपण असं करू... तो जो जुना ड्रायव्हर आहे ना... तो आधी... काढून टाकायचा..."

"काढलाच म्हणून समजा, जावईबापू!" फोन कठड्यावर ठेवून फोरमन सुटले. आत जाऊन त्यांनी ड्रायव्हर मुळासकट उपटला. अंगठ्यानं घाम पुसत परत आले, फोन कानाला लावला. जावईबापू अजून त्याच वाक्यात होते.

"...पण तो काढायच्या आधी नवा उतरवून ठेवायचा हं, बाबा. नाहीतर नवा आणायला नेटच उरणार नाही... झालं का?"

फोरमननी डोळे मिटले. दहा आकडे मोजले.

"झालं," ते लोण्याच्या आवाजात म्हणाले. "थोडं जास्तच झालं."

मग आत जाऊन त्यांनी त्या बिचाऱ्या डब्याला असं काही सुनावलं, की वरच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकी लावून घेतली. अहो, चूक कोणाची, बोलणी कोणाला! पण जावयाच्या वाटणीचं कोणाला तरी खावंच लागणार होतं, आणि डबा हाताशी होता.

शेवटी नवा ड्रायव्हर मोबाइलवर उतरवून, वायरीनं डब्यात घालायचं ठरलं. यादीत चार होते, जुन्यापासून नव्यापर्यंत. फोरमननी सगळ्यात नवा उचलला. "ताज्या दमाचा गडी बरा!" म्हणाले. तो गडी जुन्याच्या वरताण निघाला. जुना निदान वीस मिनिटं टिकायचा, हा चौथ्या मिनिटाला अंगावर पांघरूण घ्यायचा! एकदा तर त्यानं सबंध पडदा निळा केला आणि अख्ख्या कॉम्प्युटरलाच घेऊन झोपला. बारा पाच, बारा नऊ, बारा तेरा. रजिस्टरचं पान भरलं.

एक वाजता बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मी मॅडमकडे जाऊ का? अजून वेळ आहे."

"खबरदार!"

"मग तुमच्या मोबाइलवरून देते ना परीक्षा. मोबाइलवर वाय-फायचं नेट चांगलं येतंय."

"सात वर्षांचं काम आणि ते तळहाताएवढ्या काचेत? तुझे ते तक्ते मुंगीएवढे दिसतील त्यांना! काही नाही. मी आहे ना?"

"तुम्ही आहात, तेच तर," बाई म्हणाल्या. त्या वळून बाहेर गेल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण फोरमनचं डोकं तेव्हा डब्याच्या पाठीत होतं.

दीड वाजता पुन्हा गॅलरी.

"बाबा," जावई म्हणाला, "एक सोपा उपाय आहे. कार्ड, ड्रायव्हर, काहीच नको. बाहेरच्या खोलीतून सरळ एक वायर आणायची. डब्याच्या मागे नेटच्या वायरीचं एक चौकोनी भोक असतं बघा..."

या वेळी फोरमन पळाले नाहीत. जागच्या जागी उभे राहिले.

"चौकोनी ना?"

"हो."

"दिव्यांच्या शेजारी?"

"हो, तेच!"

"ते मी बुजवलं."

"बुजवलं म्हणजे, बाबा?"

"मागच्या वर्षीच्या देखभालीत. उगाच उघडं होतं. धूळ जायची. पुट्टी भरली, वरून घासून रंगही दिला. आता कुठं होतं ते सापडायचंसुद्धा नाही, असं साफ काम झालंय."

जावयाला जोरदार खोकला आला. सासऱ्याला हसायचं नाही एवढं वळण त्या पोराला होतं. पण खोकला काही थांबेना, आणि फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सावकाश, जावईबापू, पाणी प्या!" असं म्हणून त्यांनी दात इतके आवळले, की कवळी हलली.

अडीच वाजता जावयानं खरं दुखणं शोधून काढलं. वीज वाचावी म्हणून कॉम्प्युटर त्या कार्डाला मधूनमधून झोपवत होता. त्याला जागं करताना ड्रायव्हर गडबडायचा. सेटिंगमध्ये एक टिक होती: 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी द्या.' ती काढायची होती.

"झोपायची परवानगी? लेखी?" फोरमन थरथरले. "कोणी दिली ती? सही कोणाची आहे?"

"बाबा, ती आपोआपच असते. तर ती टिक काढा... आणि मग..."

पण 'आणि मग' ऐकायला फोरमन तिथं होते कुठं! आत जाऊन त्यांनी टिक काढली. परत आले तोवर जावयाची मीटिंग सुरू होऊन फोन बंद झाला होता. वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्याच्याचकडे राहिला. तो असा होता, की हा नवा ड्रायव्हर मुळातच दुखणाईत आहे, तेव्हा तो काढून जुनाच परत बसवा. पण फोरमनच्या डोळ्यांसमोर फुली गेली होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. फुली नाही!

"बघ!" ते बाईंवर ओरडले. त्यांचा आनंदही ओरडूनच यायचा. "चौतीस वर्षं! ये, बस!"

तीन वाजता बाई खुर्चीत बसल्या. लाल पाटी त्यांनी स्वतः काढून ठेवली. पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि फोरमनना खोलीबाहेर काढून दार ओढून घेतलं.

फोरमननी दाराला कान लावला. आता याला तुम्ही चोरून ऐकणं म्हणाल. ते त्याला देखरेख म्हणत होते.

सुरुवात छान झाली. मग एक कोरडा आवाज आला, बाहेरगावच्या परीक्षकांचा.

"तुमचा हा निवेदक क्रमांक एक. चारशे बारा वाक्प्रयोग तुम्ही नोंदवलेत, आणि सगळे एकाच माणसाच्या तोंडचे?"

"हो, सर."

"एकाच?"

"हो, सर."

"चाळीस वर्षं मी बोलीभाषा गोळा करतोय, बाई. असा माणूस नसतो. असता, तर शेजाऱ्यांनी शिल्लक ठेवला नसता. याचं ध्वनिमुद्रण आहे?"

"नाही, सर. समोर यंत्र ठेवलं की निवेदक मला सोडून यंत्रालाच बोलायला लागायचा. त्यामुळे मी हातानं लिहून घेतलं."

"नाव?"

"नाव न सांगण्याचा नियम आहे, सर."

"मग मला स्पष्ट बोलावं लागेल. हे तुम्ही घरी बसून रचलेलं दिसतं. रचलेल्या पुराव्यावर पदवी देता येत नाही."

दाराबाहेर फोरमनचं रक्त उकळलं. माझी बायको, रचते? शाळेच्या हजेरीपटात कधी एक खाडाखोड न केलेली बाई! आणि त्याहून त्यांना संताप आला तो त्या क्रमांक एकाचा. कोण हा टिकोजीराव? बोलून मोकळा झाला, आणि निस्तरतेय माझी बायको! एवढी चारशे बारा वाक्यं बोलायला तोंड होतं, मग आज समोर यायला काय पाय नाहीत? दोन मिनिटं माझ्या हाती द्या त्याला!

आतून बाईंचा आवाज आला. "सर, मी रचलेलं नाही. तुम्ही कृपया पान एकशे... सर? सर, ऐकू येतंय का? सर?"

तीन बावीस. फुली!

दार उघडलं. बाई बाहेर आल्या. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात फोरमननी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, थकलेलं पाहिलं होतं. असं रडवेलं कधी पाहिलं नव्हतं.

"त्यांना वाटणार, उत्तर नव्हतं म्हणून मी बंद केलं," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "मी सकाळीच म्हटलं होतं हो, मॅडमकडे जाते म्हणून."

बाईंनी त्यांच्या हातातला मोबाइल घेतला, आणि त्यावरून परीक्षेत पुन्हा शिरायची खटपट करत त्या बाहेरच्या खोलीत गेल्या.

फोरमन आत गेले. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. जिवाला काही लागलं की ते तोंडावाटेच बाहेर पडायचं, ही त्यांची जन्माची खोड. ते टेबलाखाली शिरले, डब्याची पाठ धरली, ती दोन शिंगं गच्च पकडली आणि सुरू झाले.

"ए झोपाळू! पगार नाही तरी एवढी झोप, पगार असता तर पेन्शन काढूनच निजला असतास! शिंगं दोन आणि अक्कल पाव! अरे, तुझ्या हातात सूर्य दिला तरी दुपारपर्यंत उजाडायचं नाही! कामाचं नाव काढलं की तुझी सावलीसुद्धा रजेचा अर्ज देते! माझ्या बायकोनं सात वर्षं डोळे फोडले, आणि तुला वीस मिनिटं जागं राहवत नाही? खायला काळ आणि भुईला भार, मेल्या!"

"परत म्हणा," एक आवाज आला.

फोरमन दचकले. आवाज वरून, टेबलावरच्या स्पीकरमधून येत होता. जावयानं मीटिंगमधून कोणी तरी मदतीला धाडलं असावं, असं त्यांना वाटलं.

"काय परत म्हणा?"

"ते सूर्याचं."

"का? एकदा सांगून कळत नाही? तुमच्याही कानात कोणी पुट्टी भरलीय का? हातात सूर्य दिला तरी दुपारपर्यंत उजाडायचं नाही! झालं समाधान?"

वर पानं उलटल्याचा आवाज झाला. "पान एकशे चौदा," तो आवाज पुटपुटला. "शब्दन् शब्द. आणि ते रजेच्या अर्जाचं?"

"एकशे सदतीस, सर," एका बाईमाणसाचा आवाज आला.

"अहो, हे तुम्ही कुठून वाचून म्हणताय का?" पहिल्या आवाजानं विचारलं.

"वाचून?" फोरमनचा उरलासुरला तोल गेला. "इथं टेबलाखाली मला माझा हात दिसत नाही, वाचतो कशाला! स्वतःचं तोंड आहे मला. तुमच्यासारखं उंटावरून शेळ्या हाकत नाही मी! चौकशा कसल्या करताय? आधी तो ड्रायव्हर उठवा! माझ्या बायकोची परीक्षा अडलीय. कोण कुठला तो क्रमांक एक, त्याच्यापायी ती बाहेर रडतेय! आणि तो परीक्षक! म्हणे, चाळीस वर्षं भाषा गोळा केली. चाळीस वर्षं नुसता उकिरडा उपसला असता, तरी एव्हाना माणसाला सोनं आणि कचरा वेगळा ओळखता आला असता!"

वर पुन्हा भराभर पानं उलटली.

"हे नवीन आहे," तो आवाज शेवटी म्हणाला. "हे प्रबंधात नाही."

"नाही, सर," बाई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, हातात मोबाइल धरून. "हे आजचं आहे."

फोरमन टेबलाखालून बाहेर निघताना डोकं आपटून घेऊनच निघाले. पडद्यावर फुली नव्हती. ड्रायव्हरला त्याचं त्यालाच केव्हा तरी जाग आली होती. पडद्यावर चार चौकोन होते. एकात चष्मा कपाळावर चढवलेले वयस्कर परीक्षक. दुसऱ्यात तोंडावर रुमाल दाबून बसलेल्या मार्गदर्शक मॅडम. तिसऱ्यात मोबाइलवरून दिसणाऱ्या बाई. आणि चौथ्यात, कानाला कोळिष्टक लागलेले, ते स्वतः!

"आपणच का निवेदक क्रमांक एक?" परीक्षकांनी विचारलं.

फोरमननी बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे पाहत होत्या.

"माझ्याकडून नाव सांगितलं गेलेलं नाही, सर," त्या हळूच म्हणाल्या.

"मी... फोरमन आहे," फोरमन म्हणाले. तेवढ्या बारीक आवाजात ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असावेत.

"निवेदकाची लेखी संमती आहे ना, बाई?"

"परिशिष्टात जोडलीय, सर."

फोरमननी मान वर केली. संमती? मग त्यांना आठवलं. सहा वर्षांपूर्वी बाईंनी एक कागद पुढे केला होता, 'वाचून सही करा' म्हणाल्या होत्या. ते तेव्हा खिडकीतून वाकून कोणा स्कूटरवाल्याला झापत होते. 'मला वाचायला शिकवू नकोस!' असं म्हणून, मान न वळवता त्यांनी सही ठोकली होती.

परीक्षकांनी चष्मा नाकावर घेतला.

"बाई, मी माझा आक्षेप मागे घेतो. चाळीस वर्षांत असा पुरावा माझ्या अंगावर कधी धावून आला नव्हता. पदवी द्यावी, अशी माझी शिफारस आहे. अभिनंदन, डॉक्टर! एकच दुरुस्ती करा. चारशे बाराच्या जागी चारशे तेरा."

"उकिरड्याचं?" मॅडमनी विचारलं.

"उकिरड्याचं," परीक्षक म्हणाले. त्यानंतर लगेच फुली आली. पण आता तिच्याकडे बघायला कोणालाच सवड नव्हती.

घर शांत झालं. बाई खुर्चीत बसल्या आणि मनसोक्त रडल्या. मग हसल्या. फोरमननी सगळं संपेपर्यंत वाट पाहिली, आणि मग त्यांचा भडका उडाला.

"सात वर्षं? सात वर्षं तू माझ्या तोंडाखाली वही धरून बसलीस? आणि मला वाटतंय, बायको अभ्यास करतेय! जगात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! माझ्या रागाचे तक्ते काढलेस?"

"नऊ तक्ते," बाई म्हणाल्या. "आणि आज मलाही राग आला होता बरं का. फार आला होता. तुमच्या हट्टापायी माझी सात वर्षं बुडाली असती."

"मग ओरडली का नाहीस?"

"तुम्ही ओरडत होतात ना. घरात एका वेळी एकच माणूस ओरडू शकतो."

लाज वाटली त्यांना, अगदी खरी लाज. आणि लाज वाटली की त्यांना जास्तच राग यायचा. त्यांनी तावातावानं फडताळातली प्रत ओढली, आपली बेअब्रू कुठवर झालीय ते बघायला आयुष्यात पहिल्यांदा ती उघडली, आणि मधलंच कुठलं तरी पान लागलं. प्रकरण सातवं, 'संतापानंतर'. ते मोठ्यानं वाचू लागले.

"'निवेदक कधीही माफी मागत नाही. मात्र संताप ओसरल्यावर साधारण वीस मिनिटांनी तो स्वयंपाकघरात जातो आणि काही न बोलता चहा करून आणतो. चूक त्याची स्वतःची असेल, तर चहात साखर जास्त असते. एकोणचाळीस वर्षांत या क्रमात एकदाही खंड पडल्याची नोंद नाही.'"

फोरमननी पुस्तक मिटलं. मान लाल झाली.

"खोटं आहे हे! धादांत खोटं!"

"बरं," बाई म्हणाल्या.

"आज मी चहा करणार नाही! त्रिवार नाही! लिहून ठेव तुझ्या त्या प्रबंधात, खंड पडला म्हणून!"

"नका करू. मला काही फार इच्छा नाहीये."

फोरमन हाताची घडी घालून खिडकीशी बसले. बाई गॅलरीच्या टोकाला जाऊन मुलीला फोनवर सगळं सांगू लागल्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली. फोरमन घड्याळाकडे बघायचं टाळत होते. खाली कोणी तरी सायकल आडवी लावली, तरी ते काही बोलले नाहीत. पंधरा मिनिटांनी ते उठले, पुन्हा बसले. अठरा मिनिटांनी पुन्हा उठले.

"कुठे निघालात?" फोनवर हात ठेवून बाईंनी विचारलं.

"पाणी प्यायला! माणसानं स्वतःच्या घरात पाणीसुद्धा पिऊ नये का?"

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. मग गॅस पेटल्याचा.

"अहो," बाईंनी बाहेरून हाक मारली, "साखर एकच चमचा घाला हं."

पण तोवर तिसरा पडून गेला होता.